बोल्ट बाईकडे

१

पोलीस ठाण्यातल्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर दीपकच्या रायफलीचा बोल्ट ठेवला होता. वीतभर लांबीचं, अंगठ्याएवढं जाड लोखंड. लग्न होऊन आल्यापासून सुवर्णानं ते कुलपात सांभाळलं होतं, दर वर्षी पूजेला स्वतःच्या हातानं काढून दिलं होतं. आज त्याच्याकडे नजर टाकायचीही तिची छाती होत नव्हती. दसऱ्याच्या संध्याकाळी याच लोखंडानं तिच्या नवऱ्याचा चेहरा फाडला होता.

"हात लावू नका, नुसतं बघा," उपनिरीक्षक तृप्ती शिरसाठ म्हणाली. "तुमच्याच घरचा ना हा?"

"हो."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? यांच्या रायफलीतूनच काढलात ना तुम्ही? आणि कुंकू बघा की त्याच्यावर. खंडेनवमीला मीच लावलंय."

तृप्ती अंगानं किरकोळ, बोलायला हळू. पोलिसात यायच्या आधी तिनं ओझरला विमानांच्या सुट्या भागांमधल्या चिरा शोधायचं काम केलं होतं. ती सवय काही गेली नव्हती. समोर माणूस बसलेला असला तरी ती त्याला असंच निरखून बघायची, आणि बघून घेतलेलं लगेच बोलून दाखवायची नाही. सुवर्णाला तिची भीती वाटत होती. खरं सांगायचं तर तीन दिवस झाले, सुवर्णाला सगळ्याचीच भीती वाटत होती.

"सोपं करून सांगते," तृप्ती म्हणाली. "गोळी सुटते तेव्हा आतला स्फोट पुढे रेटतो तसा मागेही रेटतो. मागचं दार लावून धरणारी कडी म्हणजे हा बोल्ट. त्याच्या अंगावर हा असा कान असतो, तो रायफलीच्या खाचेत अडकतो, म्हणून कडी उघडत नाही. तुमच्या मिस्टरांनी घोडा दाबला आणि नेमका कानच तुटला."

"जुनी रायफल आहे मॅडम. सासऱ्यांच्या वेळची."

"मलाही तसंच वाटलं होतं. जुनं लोखंड, मोडलं, विषय संपला." तिनं पेन्सिलीच्या टोकानं बोल्ट मागेपुढे ओढायच्या दांड्याचं मूळ दाखवलं. "पण इथे नंबर कोरलेला असतो. रायफलीवर जो, तोच बोल्टवर. जोडी चुकू नये म्हणून. या बोल्टवर तो नाही. कुणीतरी कानशीनं घासून काढलाय."

सुवर्णानं वाकून बघितलं. तिथे नुसते ओरखडे होते.

"आपोआप मोडणाऱ्या वस्तूचा नंबर कुणी घासत बसत नाही, सुवर्णाताई. बोल्ट कुलपात असायचा म्हणता. किल्ली कुणाकडे असते?"

सुवर्णाचा हात आपसूक गळ्याकडे गेला. मंगळसूत्राच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात, ती किल्ली आत्ताही होती.

२

मातोरी रस्त्याला त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, कोथिंबीर, मेथी, नाशिकच्या बाजारात सकाळी उभं राहिलं की खपेल ते सगळं. सासऱ्यांनी पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना काढला होता. माणूस प्रेमळ पण भलताच तापट, आणि स्वतःच्या रागाची त्यांना स्वतःलाच धास्ती. म्हणून रायफल घरात आली त्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला: बंदूक बाप्याकडे, बोल्ट बाईकडे. एकाचं डोकं कितीही फिरलं तरी दुसऱ्यानं कुलूप काढल्याशिवाय गोळी सुटायची नाही. आधी किल्ली सासूबाईंकडे होती, मग सुवर्णाकडे आली. अख्ख्या भावकीला या नियमाचं कौतुक. त्याच नियमानं आता सुवर्णाला एकटीला उघड्यावर आणून उभं केलं होतं.

दुपारी तृप्ती मळ्यात आली. सुवर्णाच्या सासूबाई, साळूबाई, ओट्यावर बसून होत्या. लेक दवाखान्यात पडल्यापासून त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"बोल्ट काढून कोण देतं?" तृप्तीनं विचारलं.

"हीच देती. आमच्यात बाईच देती." साळूबाईंनी सुनेकडे बघितलंही नाही. "मी लय वर्षं दिला. माझ्या हातून नाय कधी काय वंगाळ झालं."

रडावं की भांडावं, सुवर्णाला सुचेना.

धाकटा दीर रोहित दारातच उभा होता. गेल्या उन्हाळ्यापासून तो वाटणी मागत होता आणि मळ्याच्या रस्त्यावरून दोघा भावांची चांगलीच जुंपली होती, हे गावाला ठाऊक होतं. तृप्तीलाही ठाऊक असणार, या भीतीनं त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, भांडण जमिनीचं होतं, दादाच्या जिवाचं नव्हतं," तो विचारायच्या आतच म्हणाला आणि त्यानं मोबाइल पुढे केला. "मी व्हिडिओ काढत होतो. तुम्हीच बघा. मला आता बघवत नाही."

व्हिडिओत दसऱ्याची संध्याकाळ होती. बिबट्यानं गोठ्यापासचं कुत्रं उचलून मक्यात नेलं होतं आणि सगळं घर काठ्या घेऊन वावराच्या कडेला उभं होतं. ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली, तिच्या पुढे रायफल घेतलेला दीपक, त्याच्या खांद्याशी सुवर्णा. कुणीतरी म्हातारा आवाज म्हणाला, "राहू दे दीपक. फटाके लाव, जाईल त्यो." मग रोहितचाच आवाज, "वाजव दादा! हवेत वाजव!" दीपकनं रायफल उचलली. तेवढ्यात मागून आलेल्या कुणाच्या तरी हातानं सुवर्णाचा दंड धरून तिला ट्रॉलीच्या आड ओढलं. "पोरी, मागं हो. आवाज लय मोठा होतो." मग धडाका झाला, किंकाळी आली आणि पुढे नुसती माती दिसत राहिली.

"हे ओढणारे कोण?"

"सावळीराम नाना," सुवर्णा म्हणाली. "माझे चुलत सासरे. ते नसते तर माझंही काही खरं नव्हतं."

तृप्तीनं तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा बघितला आणि मोबाइल परत केला.

नाना तेवढ्यात आलेच. शेजारचा मळा त्यांचा. दीपकसारखीच रायफल त्यांच्याकडेही होती, फरक एवढाच की दीपकची कपाटात असायची आणि नानांची खांद्यावर. त्या पट्ट्यात कुठेही बिबट्या दिसला की पहिलं बोलावणं नानांना. एकदा पेपरात फोटोही आला होता, फेट्यासकट. अपघात झाल्यापासून दवाखान्याचा डबा, गाईंचं वैरण-पाणी, रिक्षा, सगळं नानाच बघत होते. सुवर्णाला त्या घरात आधार म्हणून तेवढे एकटेच उरले होते.

"मॅडम, घरचं माणूस घरच्यावर उठत नाय," नाना म्हणाले. "त्यो बारकू कुठं परागंदा झालाय ते बघा आधी. खंडेनवमीच्या सकाळी हत्यारं त्यानंच पुसली."

बारकू म्हणजे मळ्यातला गडी, पेठ तालुक्याकडचा. दसऱ्याच्या संध्याकाळपासून त्याचा पत्ता नव्हता आणि फोनही बंद होता.

"पूजा कशी असते तुमच्याकडे?" तृप्तीनं सुवर्णाला विचारलं.

"नेहमीसारखीच. भावकीतली हत्यारं आमच्याच घरी येतात. कोयते, विळे, फवारणीचा पंप, दोन्ही रायफली. बोल्ट काढून तामणात ठेवायचे. तेल-कुंकू वाहायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी काही पुसायचं नाही, उचलायचं नाही."

"तेल-कुंकू म्हणजे? तेल वेगळं, कुंकू वेगळं?"

"नाही, एकात एक कालवून. खोबरेल तेलात."

तृप्ती पहिल्यांदाच घाईनं उठली.

"घरात तोंडाला लावायची पावडर आहे का? घेऊन या."

३

ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. जीपमधल्या डबीतून बोल्ट आणला. साळूबाई, रोहित, नाना, सगळे भोवती उभे राहिले. सुवर्णा खांबाला टेकली.

तृप्तीनं हातमोजे चढवले आणि बोल्ट उजेडाकडे धरून सावकाश फिरवला. आधी पुढचं तोंड बघितलं, जिथे गोळीचं बूड टेकतं ते. तिथे गोल चट्टे पडले होते, लोखंड झिजून खरबरीत झालं होतं. मधल्या ज्या बारीक भोकातून गोळीला ठोका देणारी टोचणी बाहेर येते, ते भोकही कडेला खाल्लेलं होतं.

"ही रायफल किती वाजली असेल आजवर?"

"यांनी त्या दिवसाआधी कधीच वाजवली नाही," सुवर्णा म्हणाली. "सासऱ्यांनी वाजवली असेल दोन-चारदा."

"हं," तृप्ती म्हणाली आणि पुढे बघायला लागली.

मग तिनं कोरड्या फडक्यानं तुटक्या कानाचं बूड पुसलं, चांगलं घासून पुसलं, आणि वर चिमूटभर पावडर भुरभुरवली.

"विमानाच्या भागात केसाएवढी चीर असते, डोळ्यांना दिसत नाही. आम्ही लाल रंग लावायचो, पुसून काढायचो आणि वर पांढरी पावडर टाकायचो. चिरेत शिरलेला रंग पावडर वर ओढून घेते. तुमच्या पूजेनं माझं निम्मं काम आधीच करून ठेवलंय."

सगळे वाकले. पांढऱ्या पावडरीत एक लाल रेघ हळूहळू उमटत होती. बारीक, नागमोडी, कानाच्या बुडातून निघून बोल्टच्या अंगात शिरलेली.

"आता तुटलेली बाजू बघा. अर्धी चकचकीत आहे, ती दसऱ्याला तुटली. अर्धी लालकाळी आहे, तिथे कुंकू मुरलंय. म्हणजे तुम्ही कुंकू लावलंत तेव्हा हा कान आतून निम्मा फाटलेला होता." तिनं बोल्ट फिरवून दांड्याचं मूळ वर केलं. "आणि कानशीच्या या ओरखड्यांतही कुंकू बसलंय, अगदी तळापर्यंत. आधी नंबर घासला, मग कुंकू लागलं."

नाना पुढे वाकून बघत होते. त्यांनी मान हलवली. "लय बारीक नजर हाय मॅडमची."

"म्हणजे जे काही झालं ते पूजेच्या आधी झालं," तृप्ती म्हणाली. "पूजेच्या आधी वर्षभर बोल्ट कुणाच्या ताब्यात होता?"

गोठ्यात गाय हंबरली. साळूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्याच्याआडून म्हणाल्या, "हिच्याच."

"आई, मी कशाला... मी यांना... देवाशपथ..." सुवर्णाला पुढे बोलताच येईना.

तृप्तीनं डबी बंद केली. "उद्या सकाळी ठाण्यात या, सुवर्णाताई. येताना एक-दोन साड्या बरोबर ठेवा."

४

इंदिरानगरातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सुवर्णा बाकावर बसली होती. काचेच्या दारापलीकडे दीपक झोपलेला होता, अर्ध्याहून जास्त चेहरा पट्ट्यांत. डावा डोळा वाचेल, उजव्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शुद्ध येऊन-जाऊन होती. एकदा त्यानं तिचं नाव घेतलं होतं आणि तेवढ्यानं ती ओक्साबोक्शी रडली होती.

उद्या आपल्याला नेलं तर यांना पाणी कोण पाजणार? हा एकच विचार तिला सोडत नव्हता. आणि त्याच्या मागोमाग दुसरा येई, त्याहून वाईट: ज्यानं हे केलं तो तर घरातच असणार, आणि यांच्या उशाशी तोच बसणार. रोहितनं मघाशी चहा आणून दिला तर तिनं तो कुंडीत ओतला होता. ज्या दिराला तिनं स्वतःच्या हातानं जेवायला वाढलं, त्याच्या हातचा चहा ओतायची वेळ यावी, याचीच तिला लाज वाटली. पण प्यायचा धीर काही झाला नाही.

संध्याकाळी नाना डबा घेऊन आले. शेजारी बसले.

"पोरी, एक सांगू? ऐकशील?" त्यांचा आवाज अगदी मायेचा होता. "तू सांगून टाक. गंज चढला व्हता म्हणून मीच कानशीनं घासला, नंबर गेला ते कळलं नाय. चीर तर चीर, ती काय तू पाडली? मुद्दाम नाय केलं म्हणायचं. बाईमाणूस हाय, सोडतील. वकील मी बघतो."

"पण मी घासलाच नाही, नाना."

"ठाऊक हाय मला. पण पटवणार कसं? किल्ली तुझ्या गळ्यात."

खरंच, पटवणार कसं? सुवर्णा थकली होती. हो म्हणून टाकलं तर निदान हे सगळं थांबेल, असं तिला वाटून गेलं. तिनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"वैनी, मी बारकू."

सुवर्णानं फोन कानाशी घट्ट दाबला.

"मी काय केलं नाय वैनी. पोलीस मला धरून मारतील म्हनून भिऊन घरला आलो. आता इथं समजलं का तुमच्यावरच आलंय, म्हनून पावण्याच्या फोनवरनं लावला. वैनी, मी त्यो बोल्ट तुमच्या देखत पुसला का नाय? त्येच्यावर आकडे व्हते. आकड्यात मळ बसला व्हता, त्यो मी तुमच्या शिवणाच्या सुईनं काढला. तुमी वरडल्या नव्हत्या का मला, सुई मोडशील म्हनून?"

ओरडली होती. खंडेनवमीच्या सकाळी, ओट्यावरच. त्यानं सुईनं एकेक आकडा कोरून लखलखीत केला, तिच्या हातात बोल्ट दिला आणि तिनं तो नेऊन थेट तामणात ठेवला. मध्ये कुणी हात लावला नाही. म्हणजे तामणात ठेवला तेव्हा नंबर होता. मग कुंकवाच्या आधीच घासलेले ओरखडे आले कुठून?

तामणात दोन बोल्ट होते.

तिनं दोन्हींना सारखंच माखलं होतं. कुंकू लावताना ती देवाकडे बघत होती, लोखंडाकडे कोण बघतं? आणि दसऱ्याच्या सकाळी, ती आरतीचं ताट उचलत असताना, एक बोल्ट उचलून घरी नेला होता तो...

"कुणाचा फोन?" नानांनी विचारलं.

"मैत्रिणीचा," सुवर्णा म्हणाली आणि फोन बंद केला. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

नाना डबा उघडत होते. तिची नजर त्यांच्या हातावर गेली. रुंद पंजा, नखं नीट कापलेली. याच हातानं त्या संध्याकाळी तिचा दंड धरला होता. आवाज लय मोठा होतो, म्हणे. नानांनी आजवर किती वेळा रायफल वाजवली, पोरंसोरं त्यांच्या पायाशी उभी असायची, कुणाला कधी मागं हो म्हणाले नव्हते. उलट हसायचे, भ्याला का रे म्हणायचे. आणि ज्या माणसानं आपल्यासमोर दुसऱ्याला कधी बंदूक धरू दिली नाही, तो त्या दिवशी दीपकला म्हणाला नाही की आण इकडं, मी वाजवतो. स्वतःची रायफलही घरी ठेवून आला होता.

"खा पोरी. भाकरी गार हुईल."

तिनं घास घेतला. तो तोंडातच फिरत राहिला. नाना बघत होते म्हणून तिनं गिळला, दुसरा घेतला, मग तिसरा. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नव्हतं. काचेपलीकडे दीपक पडला होता आणि त्याच्या आणि नानांच्या मध्ये फक्त ती होती.

"सिस्टरांना औषधाचं विचारून येते," ती म्हणाली.

नर्सच्या खोलीत शिरून तिनं दार लावून घेतलं आणि तृप्तीला फोन लावला.

"मॅडम, नानांच्या रायफलीचा बोल्ट बघा. लगेच जा. ते इथे माझ्यासमोर बसलेत तोवर."

५

सकाळी ठाण्यात त्याच टेबलावर पांढरं फडकं होतं. यावेळी त्यावर दोन बोल्ट होते. एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला सुवर्णा आणि रोहित. बारकू दाराशी अंग चोरून उभा होता, रात्रीच्या गाडीनं आलेला. त्याचं तृप्तीला सगळं सांगून झालं होतं.

"काल मला एक गोष्ट खटकली होती," तृप्ती म्हणाली. "जी रायफल आयुष्यात दोन-चारदा वाजली, तिचा बोल्ट इतका झिजलेला कसा? पण कुंकवानं मला दुसरीकडे नेलं. मी धरून चालले की बोल्ट याच घरचा. माझी चूक झाली, सुवर्णाताई." तिनं तुटक्या बोल्टला पेन्सिल लावली. "दीपकच्या बोल्टवर पूजेच्या सकाळी नंबर होता. या बोल्टवरचा पूजेच्या आधीच घासलेला होता. म्हणजे हा दीपकचा नाहीच. आणि तामणात दुसरा बोल्ट एकाच माणसाचा होता."

"असंल," नाना शांतपणे म्हणाले. "दोन्ही कुंकवानं माखलेले. चुकून अदलाबदल झाली असंल. माणसाच्या हातून व्हतं."

"होतं ना." तृप्तीनं दुसरा बोल्ट पुढे सरकवला. "हा काल तुमच्या रायफलीत होता. धड आहे, नवाकोरा म्हणावा असा. याचाही नंबर घासलेला आहे, नाना. पण या ओरखड्यांत कुंकू नाही. भोवतीच्या सगळ्या खाचांत आहे, ओरखड्यांत मात्र लखलखीत लोखंड. हा पूजेनंतर घासलाय. चुकून दुसऱ्याचा बोल्ट घरी आला तर माणूस तो परत द्यायला येतो. कानस घेऊन बसत नाही."

नानांनी दोन्ही बोल्टांकडे बघितलं. मग फेटा काढून मांडीवर ठेवला. फेट्याशिवाय ते एकदम वेगळेच कुणीतरी दिसायला लागले.

"दुरुस्तीवाला म्हणला, याला चीर गेली, ही आता वाजवायची नाय," ते म्हणाले. "म्हणला, असला बोल्ट आता मिळायचा नाय, बंदूक जमा करून टाका. जमा करू? मंग नाना कोण उरला? बिबट्या आला की लोक माझ्या दारात येत्यात. त्यांना काय सांगू?" ते सुवर्णाकडे वळले. "दीपक कधी वाजवत नव्हता गं. तुझ्या कुलपात त्यो बोल्ट तसाच पडून राह्यला असता. कुणाच्या केसालाबी धक्का लागला नसता. मी म्हणलो त्याला, फटाके लाव म्हणून. म्हणलो का नाय?"

"म्हणालात," सुवर्णा म्हणाली.

ती टेबलाला धरून उठली.

"तुम्हाला माहीत होतं काय होणार ते. म्हणून माझा दंड धरून मला आड ओढलंत." तिनं आपल्या दंडावर हात ठेवला. "माझा हात धरलात ना नाना? मग यांचा का नाही धरला? हातभर तर लांब होते."

नानांनी मांडीवरचा फेटा सरळ केला. रोहित भिंतीकडे तोंड करून रडत होता.

"त्याचा धरला असता," नाना म्हणाले, "तर का धरला ते सांगावं लागलं असतं."

६

दुपारी दीपकला नीट शुद्ध आली. साळूबाई उशाशी होत्या. सुवर्णा आत आली तशा त्या उठल्या, तिला आपल्या जागेवर बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग पदर डोळ्यांना लावत बाहेर गेल्या.

दीपकचा एकच डोळा उघडा होता. तो तिला शोधत होता.

"तुला लागलं नाही ना?" त्यानं विचारलं. ओठ फारसे हलत नव्हते.

"नाही."

"मला एवढंच आठवतं. तू माझ्या जवळ होतीस... आणि नानांनी तुला मागे ओढलं." त्यानं दम घेतला. "देवासारखे आले बघ. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर. कुठे आहेत नाना?"

सुवर्णानं खुर्ची पुढे ओढली. त्याच्या हाताला सुई लावलेली होती, म्हणून तिनं मनगटाशी जपून धरला, घट्ट धरला. आणि मग सांगायला सुरुवात केली.